हात न लावता स्नायूची चाहूल

"सुई टोचल्याशिवाय होत नाही का हो?" ईएमजीच्या तपासणीला आलेली बहुतेक माणसे हा प्रश्न विचारतात. हाताला मुंग्या येतात, मूठ घट्ट आवळत नाही, चालताना पावलातून चप्पल निसटते, अशा तक्रारी असल्या की डॉक्टर ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे स्नायू आणि नसांच्या विजेची तपासणी, लिहून देतात. त्यात कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून नसेला विजेचे बारीक झटके देतात. मग पातळ सुई थेट स्नायूत घालतात आणि म्हणतात, "आता जोर लावा." मोठी माणसे दातओठ आवळून निभावून नेतात. चार वर्षांच्या पोराला मात्र सुई आत असताना 'हळूच पाय उचल' म्हणून सांगून पाहा.

तेव्हा प्रश्न रास्त आहे. काही न टोचता, न चिकटवता, नुसते जवळ एखादे उपकरण धरून स्नायू काम करतो आहे की नाही हे कळेल का? कळते. 1972 सालीच ते करून दाखवलेले आहे. मग इतकी वर्षे उलटून सुई अजून जागच्या जागी का, हे समजायला आधी स्नायूच्या आत डोकवावे लागेल.

1. स्नायूत वीज येते कुठून?

घरातल्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. शरीरात वाहतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. त्यांत मुख्य सोडियम आणि पोटॅशियम. स्नायू हा हजारो लांबट तंतूंचा जुडगा असतो. तंतू स्वस्थ असतो तेव्हा त्याची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत 80 ते 90 मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते, अगदी तुम्ही झोपलेले असतानाही.

हालचालीचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या चेतापेशीकडून येतो. तिच्या लांब शेपटीला टोकाशी फाटे फुटतात आणि एकेक फाटा एकेका स्नायुतंतूला भिडतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक 'चालक एकक' होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत अशा एककात दहाएक तंतू असतात, पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून अधिक. नाजूक कामाला लहान तुकड्या आणि ताकदीच्या कामाला मोठ्या, अशी ही वाटणी.

हुकूम पोहोचला की तंतूच्या पडद्यातल्या बारीक खिडक्या उघडतात आणि सोडियम आत घुसतो. त्या जागी आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडतो आणि स्थिती पूर्ववत होते. ही उलथापालथ एका जागी थांबत नाही. ती तंतूच्या मधल्या भागातून दोन्ही टोकांकडे सेकंदाला साधारण 3 ते 5 मीटर वेगाने धावते. तंतू आखडतो तो त्यानंतर काही मिलिसेकंदांनी. म्हणजे वीज आधी, जोर नंतर. स्नायूची वीज टिपणारा स्नायूच्या जोराच्या किंचित आधीच हजर असतो.

एक छोटा हिशोब करू. समजा लाटेचा वेग सेकंदाला 4 मीटर आहे आणि तंतूच्या वाटेवर 2 सेंटिमीटर अंतराने दोन संवेदक ठेवले. लाट पहिल्याखालून दुसऱ्याखाली जायला 0.02 भागिले 4, म्हणजे 0.005 सेकंद, अर्थात 5 मिलिसेकंद घेईल. एवढा फरक आजची उपकरणे सहज मोजतात. स्नायू दमला की हा वेग घटतो. नुसत्या दोन संवेदकांवरून दमणूक मोजता येते ती अशी.

2. वीज वाहिली की चुंबकत्व आलेच

1820 साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन ओर्स्टेडने पाहिले, की तारेतून वीज सोडली की जवळची होकायंत्राची सुई हलते. प्रवाह तांब्यात वाहो की स्नायूच्या द्रवात, भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणारच.

किती? सरळ तारेसाठी नियम सोपा आहे. प्रवाह अँपिअरमध्ये घ्या, मीटरमधल्या अंतराने भागा, 0.2 ने गुणा. उत्तर मायक्रोटेस्लात येते. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे माप, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग. हजार वॉटची इस्त्री चार-साडेचार अँपिअर ओढते. तिच्या एका तारेपासून मीटरभर अंतरावर जवळपास 1 मायक्रोटेस्ला क्षेत्र येईल. पण इस्त्रीच्या दोरीत दोन तारा शेजारी-शेजारी असतात. एकीतून प्रवाह जातो, दुसरीतून परत येतो, आणि दोघींची क्षेत्रे एकमेकींना जवळपास पुसून टाकतात.

स्नायुतंतूत नेमके हेच घडते. धावत्या लाटेच्या पुढच्या बाजूला प्रवाह पुढे वाहतो, मागच्या बाजूला उलटा. दोन्ही क्षेत्रे एकमेकांना खातात आणि उरते ते फार थोडे. शिवाय अंतर वाढले की हा उरलेला अंश साध्या तारेच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी लवकर विरतो. कातडीजवळ हाती लागते ते काही पिकोटेस्ला, फार तर दहाच्या काही पट. पिकोटेस्ला म्हणजे मायक्रोटेस्लाचा दहा लाखावा भाग.

आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला आहे. स्नायूचे 10 पिकोटेस्ला धरले तर पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या 40 लाख पट झाले. या विषयातली प्रत्येक अडचण आणि प्रत्येक यंत्र या एका आकड्यातून निघालेले आहे.

3. मग वीजच मोजावी ना!

वीज मोजणे खरोखरच सोपे आणि स्वस्त आहे. जर्मनीत एमिल दु ब्वा-रेमोंने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच माणसाच्या हाताच्या स्नायूची वीज मोजली होती. अडचण मधल्या थरांची आहे. स्नायू आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये चरबी आणि कातडी असते. चरबीतून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे खालचा संकेत पसरतो आणि बोथट होतो. गोधडीखालून कुणी बोलत असेल तर आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत आणि शेजारी दुसरे कुणी बोलू लागले तर कोण काय म्हणाले तेही कळत नाही; कातडीवरच्या ईएमजीचे तसेच होते. म्हणून सुई. ती गोधडीच्या आत शिरते.

चुंबकीय क्षेत्राला चरबी, कातडी, हाड हे सगळे जवळपास हवेसारखेच. चुंबकीय दृष्टीने शरीर पारदर्शक असते. मात्र यावरून 'चरबीचा काहीच परिणाम होत नाही' असे जे उत्साहाने लिहिले जाते, ते मला पटत नाही. तंतूतला प्रवाह आजूबाजूच्या मांसात, चरबीत पसरतो आणि त्या पसरलेल्या प्रवाहाचेही स्वतःचे क्षेत्र असते. चरबी त्या वाटा बदलते, म्हणजे मागच्या दाराने तिचा थोडा हात लागतोच. विजेच्या मानाने तो कमी असतो, इतकेच म्हणणे बरोबर.

चुंबकीय मापनाची खरी जमेची बाजू मला दुसरीच वाटते. व्होल्टेज मोजायचे तर दोन बिंदू लागतात आणि उत्तर येते एकच संख्या. चुंबकीय क्षेत्राला दिशा असते. ते आडवे, उभे आणि खोल अशा तिन्ही अक्षांवर वेगवेगळे मोजता येते. त्यावरून प्रवाह कुठल्या दिशेने धावतो, म्हणजे कातडीखालचे तंतू कसे रचलेले आहेत, याचा अंदाज बांधता येतो. घाम, केस, वाळलेली जेल, निघून आलेली चिकटपट्टी या कटकटी गेल्या, हा वरचा फायदा.

4. कुलाब्याहून अलिबागला

40 लाख पट गोंगाटात कुजबुज ऐकायची, तर आधी गोंगाट बंद करावा लागतो. मुंबईने हा धडा फार आधी गिरवला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला. ट्रामच्या प्रवाहाने नोंदी नासणार. म्हणून अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधली गेली, चुंबकाला ओढ लागेल असे साहित्य न वापरता. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्या जुळवून पाहिल्या आणि मग कुलाबा थांबले. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. तिथे तर पृथ्वीचेच क्षेत्र मोजायचे होते. स्नायूसाठी त्याहून कितीतरी जास्त शांतता लागते.

शरीराचे चुंबकत्व पहिल्यांदा टिपले गेले तेही गावाबाहेरच. 1963 मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या गेर्हार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांनी तारेचे सुमारे 20 लाख वेढे असलेली वेटोळी मोकळ्या मैदानात छातीजवळ ठेवून हृदयाचे क्षेत्र नोंदवले. हृदयाचे स्नायू एका तालात, सगळे मिळून आखडतात, म्हणून त्याचे क्षेत्र त्यातल्या त्यात मोठे. हाता-पायाच्या स्नायूंत शेकडो एकके आपापल्या वेळेला चालू-बंद होतात आणि त्यांचे संकेत एकमेकांत गुंतून जातात.

पुढचे पाऊल अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेच्या डेव्हिड कोहेन यांचे. त्यांनी 1969 मध्ये एक चुंबकरोधी खोली उभारली. अशा खोलीच्या भिंतींत निकेल-लोखंडाच्या खास मिश्रधातूचे थर असतात. बाहेरचे क्षेत्र त्या धातूतून वळसा घालून जाते आणि आत फारसे शिरत नाही. सोबत अॅल्युमिनियमचा थर असला की झपाट्याने बदलणारी क्षेत्रेही अडतात. त्या खोलीत जेम्स झिमरमन यांनी बनवलेला स्क्विड हा नवा संवेदक आला. 1972 मध्ये कोहेन आणि एडवर्ड गिव्हलर यांनी याच मार्गाने हाताच्या स्नायूंची चुंबकीय नोंद प्रसिद्ध केली. स्नायूंच्या चुंबकीय मापनाचा आरंभ तो हा.

खोलीत काय चालत नाही याची यादी मोठी आहे. साडीची सेफ्टी पिन, केसातली क्लिप, पँटची चेन, लोखंडी खुर्ची. श्वासाबरोबर हलणारी एक पिनसुद्धा स्नायूच्या क्षेत्राला पार बुडवते. कोहेन यांनी 1973 मध्ये दाखवले की वेल्डिंग करणाऱ्यांच्या फुप्फुसांत अडकलेली लोखंडाची धूळही बाहेरून चुंबकाने ओळखता येते. व्यवसायजन्य आजारांच्या दृष्टीने ते फार कामाचे, पण स्नायू मोजणाऱ्याला ती डोकेदुखी.

खोलीनंतरही गोंगाट थोडा उरतो. तो वजाबाकीने काढतात. समजा स्नायूजवळच्या संवेदकात स्नायूचे 10 आणि दूरवरच्या लिफ्टचे 5000 पिकोटेस्ला येतात. त्याच्यावर काही सेंटिमीटर अंतरावर दुसरा संवेदक बसवला. लिफ्ट दूर असल्याने तिथेही 5000च येतील, पण स्नायूचे 1च उरेल. 5010 मधून 5001 गेले, राहिले 9. स्नायूचा थोडा भाग गमावला, पण लिफ्ट गेली.

5. उणे 269 अंशांची अडचण

स्क्विड हे अतिवाहक धातूचे इवलेसे कडे असते. त्यात एक-दोन ठिकाणी अतिवाहकतेत बारीक खंड ठेवलेला असतो आणि तो पार करून वीज कशी वाहते हे कड्यातून जाणाऱ्या क्षेत्रावर ठरते. संवेदनशीलता अफाट. पण साधारणपणे त्याला द्रव हेलियम लागतो, उणे 269 अंश सेल्सिअसचा. ते थंडगार भांडे आणि माणसाची ऊबदार कातडी यांच्यात निर्वाताचा थर ठेवावाच लागतो आणि संवेदक कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब राहतो. क्षेत्र इतके भराभर विरत असताना हे अंतर फार महागात पडते. वर ते भांडे कडक. डोक्यासाठी टोपाच्या आकाराचे बनवले की ते डोक्यालाच चालते. पोटरीला गुंडाळता येत नाही.

तरीही एका स्नायूसाठी स्क्विड चपखल बसला, तो म्हणजे गर्भाशय. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत 151 संवेदकांचे यंत्र खास गरोदर स्त्रियांसाठी आहे. पोट टेकवता येईल असा त्याला खोलगट भाग केला आहे. बाई समोर वाकून त्यावर टेकते, बाळाला आणि तिला काहीही चिकटवले जात नाही, आणि गर्भाशयाच्या कळा कुठून उठून कुठे पसरतात याची नोंद होते. बाळाच्या हृदयाचीही होते. अकाली प्रसूतीच्या कळा खऱ्या की खोट्या, हा दाईपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना छळणारा प्रश्न. त्यावरच्या संशोधनाला हे साधन मिळाले. आपल्याकडे तामिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुसंशोधन केंद्राने स्वतः स्क्विड बनवून हृदयाच्या आणि मेंदूच्या चुंबकीय नोंदी घेतल्या आहेत.

6. रुबिडियमची वाफ

गेल्या वीसेक वर्षांत चित्र बदलले ते एका काचेच्या डबीमुळे. ही डबी काही मिलिमीटरची, आत रुबिडियम धातूची वाफ. प्रत्येक रुबिडियम अणू स्वतःच एक बारीक चुंबक असतो. डबीतून 795 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेसर सोडतात. त्याने सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात. एकदा असे उभे राहिले की ते प्रकाश शोषत नाहीत, लेसर आरपार जातो. आता स्नायूचे क्षीण क्षेत्र आले की अणू किंचित कलतात, पुन्हा थोडा प्रकाश शोषू लागतात आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश घटतो. घट मोजली की क्षेत्र कळले.

इथे हेलियम नको. उलट वाफ दाट व्हावी म्हणून डबी 150 अंशांच्या आसपास तापवतात. बाहेरचे आवरण मात्र हात लावता येईल असे ठेवतात. डबीचा मध्य कातडीपासून सहा-सात मिलिमीटरवर आणता येतो. हिशोब करा: तंतू 1 सेंटिमीटर खोल असेल तर स्क्विडपासून त्याचे अंतर साडेतीन सेंटिमीटर, या डबीपासून 1.7 सेंटिमीटर. अंतर निम्मे झाले, आणि क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटते असे धरले तरी संकेत चौपट झाला. संवेदक काडेपेटीपेक्षा लहान असल्याने हाताभोवती, मांडीभोवती हवे तसे मांडताही येतात.

2018 मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी असे संवेदक तळहाताच्या स्नायूंवर धरून पाहिले. नसेला विजेचा हलका झटका देऊन स्नायूचे चुंबकीय उत्तर नोंदवले. संवेदक स्पर्शरहित, पण झटका देणारा इलेक्ट्रोड अंगाला लावलेलाच! झटक्याचा फायदा असा, की तोच प्रसंग पुन:पुन्हा घडवता येतो. शंभर नोंदींची सरासरी काढली तर वेडावाकडा गोंगाट दहाव्या हिश्शावर येतो आणि स्नायूचे उत्तर, दर वेळी त्याच क्षणी येणारे, जसेच्या तसे राहते. माणूस स्वतःहून मूठ आवळतो तेव्हा ही सोय नसते.

उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या. पहिली: ही डबी जवळपास शून्य क्षेत्रातच चालते. आजूबाजूला काही नॅनोटेस्लापेक्षा जास्त क्षेत्र असले की अणूंची रांग मोडते. म्हणून चुंबकरोधी खोली सुटत नाही, आणि खोलीतही संवेदक जरा हलला की उरलेल्या क्षेत्रातला बदल स्नायूच्या संकेतासारखा दिसू लागतो. चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसाचे स्नायू असे मोजणे म्हणून अवघड. दुसरी: या जातीचे नेहमीचे संवेदक सेकंदाला सव्वाशे-दीडशे कंपनांपर्यंतच नीट चालतात. स्नायूचा संकेत मात्र चारशे-पाचशेपर्यंत पोहोचतो. त्याची धारदार टोके बोथट होऊन हाती येतात.

संगणकाच्या हार्ड डिस्कमधल्या वाचकाच्या जातीचे घन संवेदक आणि हिऱ्यातल्या दोषांवर चालणारे संवेदक यांवरही काम चालू आहे. ते साध्या तापमानाला चालतात आणि पृथ्वीच्या क्षेत्राला बुजत नाहीत. पण स्नायूला हवी तेवढी संवेदनशीलता त्यांच्यात आणणे अजून कठीण जाते.

7. तेव्हा सुई जाणार का?

एक गैरसमज आधी बाजूला करू. हे संवेदक शरीरात काही सोडत नाहीत, ते फक्त ऐकतात. त्यामुळे सांधेदुखीसाठी विकले जाणारे चुंबकाचे पट्टे, कडी यांचा या विषयाशी काडीचा संबंध नाही. स्नायूचे क्षेत्र मोजता येते यावरून बाहेरचा चुंबक स्नायूला बरा करतो असे सिद्ध होत नाही. एमआरआयही वेगळा. त्यात यंत्र स्वतः प्रचंड क्षेत्र लावते आणि मुख्यत्वे शरीराची रचना दाखवते.

लहान मुले, सुईला घाबरणारे किंवा सुई धोक्याची ठरेल असे रुग्ण, भाजलेली कातडी, गर्भाशय, आणि पुढेमागे कृत्रिम हाताच्या घामेजल्या खोबणीतून स्नायूचा इशारा ओळखणे: या जागा चुंबकीय मापनाच्या आहेत असे मला वाटते. रोजच्या ईएमजीची जागा ते घेईल असे मात्र आज वाटत नाही. दवाखान्यात टेबलावर मावणारे यंत्र एका बाजूला आणि अख्खी चुंबकरोधी खोली दुसऱ्या बाजूला, अशी ही तुलना आहे. सुई स्नायूच्या आत शिरून एकेका एककाचा जो तपशील आणते, तो बाहेरून अजून येत नाही.

तोवर डॉक्टरांनी ईएमजी सांगितली तर भीतीपोटी टाळू नका. त्या दिवशी हातापायांना तेल, क्रीम लावून जाऊ नका, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर तपासणी सुरू होण्याआधी तसे सांगा.